गाण्याआधीचा श्वास

एवाल्ड हार्टकॉप सहाणेवरून कायमचा उठला, त्या हिवाळ्यात हेडविगनं नवऱ्याला न विचारता एक मोठी गोष्ट केली. परसातल्या कारखान्याची किल्ली तिनं मुलाच्या हातात ठेवली.

कारखाना म्हणायचा इतकंच. घरामागच्या उतारावर, वुपर नदीकडे तोंड करून बांधलेली एक दगडी खोली. आत दोन मोठ्या सहाणा, छताजवळून गेलेले चामडी पट्टे, कोपऱ्यात मोटार आणि भिंतींवर छातीइतक्या उंचीपर्यंत सुकलेल्या पिवळट गाळाचे थर. त्या खोलीत आधी एवाल्डच्या बापानं कात्र्यांना धार लावली, मग एवाल्डनं. झोलिंगनमध्ये निम्मं गाव पात्यांवर जगायचं. कोणी पातं घडवायचं, कोणी मूठ बसवायचं, कोणी धार लावायचं. त्यात धार लावणाऱ्यांचा तोरा वेगळा. हे शिकलगार कोणाच्या हाताखाली राबायचे नाहीत, आपल्या खोलीत आपल्या मर्जीनं बसायचे, आणि तरुणपणी छातीत घेतलेली दगडाची धूळ म्हातारपणी त्यांना गाठायची. एवाल्डला म्हातारपणाचीही वाट बघावी लागली नाही. साठी यायच्या आधीच तो जिन्यात मध्येच थांबून भिंतीवरचं चित्र बघत असल्याचं सोंग करायला लागला. डॉक्टर म्हणाले, "हार्टकॉप, पुन्हा सहाणेजवळ बसलात तर मला बोलावू नका. सरळ पाद्र्यांना बोलवा."

त्याच सुमाराला लुट्झ घरी आला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा. ड्युसेलडॉर्फला विजेचं शिक्षण घ्यायला गेला होता, ते अर्धवट सोडून आता तो आणि त्याचा मित्र रायमुंड यंत्रांवर संगीत करत होते. व्हायोलिन नाही, पियानो नाही, डबे आणि बटणं आणि वायरी. ज्या तळघरात ते करत होते तिथल्या भाडेकऱ्यांनी एकजुटीनं त्यांना हाकललं होतं.

"आई, फक्त हिवाळा निघेपर्यंत," लुट्झ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. "नाहीतरी खोली रिकामीच आहे."

"रिकामी नाहीये. बंद आहे. तुझ्या बापाला कळलं तर मला उभी चिरेल."

"चिरायला दम कुठं उरलाय त्यांच्यात?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लागलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. लहानपणी खिडकीची काच फोडून आला की व्हायचा, तसाच. हेडविगनं बटाटे सोलायचं थांबवलं, हात पुसले आणि खुंटीवरची किल्ली काढून दिली. खरं कारण तिनं सांगितलं नाही. गेल्या पाच वर्षांत मुलगा नाताळच्या जेवणापुरता घरी यायचा आणि कॉफी व्हायच्या आत बस पकडायचा. तो रोज परसात दिसणार असेल, तर त्यानं तिथं डुकरं पाळली असती तरी तिची ना नव्हती.

बापलेकांचं बिनसलं होतं ते गाण्यावरून. एवाल्ड गावच्या पुरुषांच्या गायनमंडळात पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या सुरात गायचा. दर गुरुवारी खानावळीमागच्या दालनात तालीम असायची, धार लावणारे, मुठी बसवणारे, खाटीक, पोस्टमन, सगळे. एवाल्डचा आवाज म्हणजे मंडळाचा कळस. लुट्झही त्यात यावा म्हणून तो हट्ट धरून बसला होता. आणि एका रविवारी, सतरा-अठरा वर्षांच्या लुट्झनं जेवणाच्या टेबलावर विचारलं, "हीच गाणी तुम्ही तेव्हाही म्हणत होता ना, बाबा? बाजारात, त्या झेंड्यांखाली? नदीकडच्या गल्लीतल्या ज्यू लोकांना घरातून काढून नेलं, त्या दिवशी कोणतं म्हटलंत?"

एवाल्डनं त्याच्या मुस्कटात मारली. उत्तर दिलं नाही. हेडविग ताटातल्या मांसाकडे बघत राहिली. उत्तर तिनंही दिलं नाही. नंतर कधीतरी तिनं मुलाला समजवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो म्हणाला होता, "मला असं संगीत करायचंय की ज्यात तुमच्यापैकी कोणाचाही आवाज नसेल."

एवाल्डला किल्लीचं कळलं तेव्हा तो ओरडला नाही. ओरडण्याइतकी हवाच नव्हती. तो परसात गेला, दारातून आत डोकावला. पोरांनी सहाणांवर चादरी घातल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये फळ्या टाकून आपली यंत्रं मांडली होती. रायमुंड झटकन उभा राहिला. तो ड्युसेलडॉर्फच्या एका मोठ्या डॉक्टरचा मुलगा. या खोलीतसुद्धा टाय लावून बसायचा.

"नमस्कार, हार्टकॉपमास्टर. आम्ही तुमच्या कशालाही हात लावलेला नाही."

"पट्ट्यांना तेल लागतं महिन्यातून एकदा," एवाल्ड त्याच्याकडे न बघता म्हणाला. "नाहीतर चिरतात." आणि तो वळला.

पुढे बरेच दिवस तो हेडविगशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' यापलीकडे बोलला नाही. पण त्याची आरामखुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी होती आणि ती खिडकी परसात उघडायची. दिवसभर तिकडून आवाज यायचे. कधी एकच सूर तासभर, कधी टिकटिक, कधी कोणी पिंपात मधमाश्या कोंडल्यासारखं. माणसाला गप्प बसून किती ऐकता येईल? एका दुपारी तो म्हणाला, "गाय अडली वाटतं."

हेडविगला हसू आवरेना. त्या हसण्यानं त्याला हुरूप आला. मग रोजचंच झालं. "आज मांजराला इस्त्री करतायत." "आता काय, पाद्रीबुवा विहिरीत पडले?" पोरांनी आपल्या जोडीला 'श्लिफ' असं नाव घेतलं, म्हणजे पात्यावर चढवलेली धार. ते कळलं तेव्हा मात्र तो चिडला. "दोन पिढ्या छाती फाडून आम्ही धार लावली आणि नाव लावणार हे बटणवाले!" तरी खुर्ची खिडकीपासून हलवली नाही.

हेडविग दुपारी कॉफी आणि काळ्या पावावर चीज घेऊन तिकडे जायची. सुरुवातीला तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं. लुट्झ तिला दाखवायचा. टेपेचा हातभर तुकडा कापून त्याची दोन टोकं चिकटवायची, वळं करायचं, आणि ते यंत्रातून आणि सहाणेच्या लोखंडी दांड्याभोवतून फिरवायचं. वळं फिरत राहिलं की आवाजही फिरत राहायचा, पुन्हा पुन्हा तोच. लुट्झ त्याच्यावर दुसरा चढवायचा, मग तिसरा. रायमुंड त्यावर अगदी साधी, मुलांनी शिट्टीवर वाजवावी अशी चाल धरायचा. असं सगळं जुळून आलं की हेडविगचा पाय तिच्या नकळत हलायचा.

"आवडतंय ना, हार्टकॉपबाई?" रायमुंड विचारायचा.

"पाय आखडलाय माझा," ती म्हणायची.

वसंतात एवाल्डला साठ वर्षं झाली. सकाळी गायनमंडळ आलं. गडद सूट घातलेली तीसेक माणसं परसात अर्धगोल करून उभी राहिली आणि मंडळाचा म्होरक्या ओटो क्रिंग्ज खिडकीकडे बघून म्हणाला, "एवाल्ड, खाली ये! पहिल्या सुरात भोक पडलंय, ते बुजव!"

हेडविगनं त्याला कोट चढवला. तो खाली जाऊन आपल्या जुन्या जागी, क्रिंग्जच्या उजव्या हाताला उभा राहिला. लुट्झ आणि रायमुंड कारखान्याच्या दारात आले होते. क्रिंग्जनं हात उचलला. सगळ्यांबरोबर एवाल्डनं श्वास घेतला आणि पहिली ओळ त्यानं खरोखर गायली, पातळ पण स्वच्छ. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर खोकला आला. मंडळ गात राहिलं. काय करणार, क्रिंग्जचा हात थांबला नव्हता. एवाल्ड वाकला, गुडघ्यांवर हात टेकले आणि खोकत राहिला. शेजारच्या माणसांनी समोर नजर ठेवून गाणं शेवटापर्यंत नेलं. नंतर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, चेरी घातलेले वाफल खाल्ले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून गेले. जाताना क्रिंग्ज म्हणाला, "गुरुवारी जागा रिकामीच ठेवतो हं!"

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेला. कोणी बोलावलं नव्हतं. हेडविगनं खिडकीतून बघितलं आणि भांडण होणार म्हणून मागोमाग धावली.

एवाल्ड सहाणेसमोरच्या आपल्या बुटक्या लाकडी बैठकीवर, आपल्या घोडीवर, बसला होता. "तुमचं ते यंत्र आवाज धरून ठेवतं म्हणे."

"हो, बाबा."

"मग धर. आहे तोवर."

लुट्झनं मायक्रोफोन बापाच्या तोंडासमोर आणला. टेप सुरू झाली. एवाल्डनं डोळे मिटले, खांदे सोडले, श्वास घेतला आणि आवाज निघालाच नाही. पुन्हा श्वास. पुन्हा नाही. कितीतरी वेळा त्यानं तयारी केली; दरवेळी छाती भरायची, आत कुठंतरी शिट्टी वाजायची आणि सूर घशाशी येऊन विरायचा. शेवटी तो उठला. "बंद करा. पुसून टाका," म्हणाला आणि भिंतीला धरत बाहेर पडला.

त्या दोघांनी ते लगेच पुसलं नाही.

आठवड्याभरानंतरची गोष्ट. एवाल्ड वर पलंगावर झोपला होता. हेडविगनं स्वतः त्याला औषध देऊन, उशा रचून झोपवलं होतं. ती कॉफी घेऊन परसात आली आणि कारखान्याच्या दारापाशी थबकली. आत एवाल्ड श्वास घेत होता. लांब, खोल, शेवटी ती बारीक शिट्टी, मग थांबणं, मग सोडणं. पुन्हा. त्याच्याखाली एक खालचा सूर धरलेला आणि श्वासाच्या बरोब्बर पायावर एक मऊ ठोका. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की तो वर मेला आणि इथं आला. ट्रे तिच्या हातातून सुटला.

"बंद करा!" ती दार ढकलून ओरडली. "आधी बंद करा ते!"

रायमुंडनं बटण दाबलं. दांड्याभोवतीचं वळं हळू होत थांबलं.

"माझी कल्पना, हार्टकॉपबाई," तो म्हणाला. "लुट्झला नको होतं. पण तुम्ही ऐका ना, गेल्या वर्षभरात आम्ही जे काही केलं त्यात हे एकच जिवंत आहे."

"जिवंत? जिवंत माणूस वर झोपलाय माझा!"

लुट्झ फुटलेले कप वेचत होता. तो खालूनच म्हणाला, "त्यांना विचारूया. त्यांचं आहे ते."

संध्याकाळी एवाल्डला आणून घोडीवर बसवलं. त्यानं ऐकलं, चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "पुन्हा लावा," म्हणाला. मग आणखी एकदा. शेवटी त्यानं टोपी सारखी केली. "माझी हरकत नाही. पण हिला विचारा. रात्रभर हे खरं कोण ऐकतं, तर ही."

हेडविगनं नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांसमोर नाचघरं आली, रंगीत दिवे आले, आणि त्यात आपल्या माणसाच्या आजारावर अंग घुसळणारी पोरंपोरी. क्रिंग्जची बायको पाववाल्याच्या रांगेत काय म्हणेल, तेही ऐकू आलं: हार्टकॉपांनी मरता माणूस तबकडीवर विकला. "नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "आणि ते पूस. माझ्यासमोर."

"वापरणार नाही, आई. कपाटात ठेवतो."

"कपाटातल्या गोष्टी बाहेर येतात."

"या घरातल्या कपाटांतून आजवर काही बाहेर आलेलं मी तरी पाहिलं नाही," लुट्झ म्हणाला.

ते तिच्या वर्मी लागलं. एरवी कदाचित ती नरमली असती. आता हटून बसली. लुट्झनं मूळ टेप चढवली, वळंही चढवलं, आणि दोन्ही पुसली. पुसताना आवाज होत नाही. टेप फिरते एवढंच दिसतं.

त्या रात्री उशा नीट करताना एवाल्ड तिला म्हणाला, "गंमत होती गं. दरवेळी वाटायचं, आता सूर लागणार."

"झोप आता," ती म्हणाली.

गाणं मात्र पोरांना सोडवेना. ते श्वासावरच उभं होतं. तो काढला की बाकीचं भुईवर येत होतं. मग लुट्झनं तो बनवला. दोन स्टेशनांच्या मध्ये रेडिओ जशी खरखर करतो, तशी खरखर देणारा डबा त्याच्याकडे होता. ती खरखर तो गाळण्यांमधून, म्हणजे नको ते आवाज अडवणाऱ्या डब्यांमधून, काढायचा, चढवायचा, उतरवायचा. रात्री आपल्या खोलीत पडून पलीकडच्या भिंतीतून येणारा बापाचा श्वास ऐकायचा आणि सकाळी जाऊन बटणं फिरवायचा. महिनाभर तेच केलं. शेवटी खरखर श्वास घ्यायला लागली, सरळ, मोकळी, न अडखळणारी. त्यावर रायमुंडची साधी चाल आणि लुट्झच्या सपाट, न गायलेल्या आवाजातले तीन शब्द: 'पुढे, पुढे, पाण्याकडे.'

हँबर्गच्या एका छोट्या कंपनीनं तबकडी काढली. कोणालाच काही अपेक्षा नव्हती. पण शरदात एका रेडिओवाल्यानं ती दुपारच्या वेळी लावली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता ती कोलोनच्या नाचघरांत वाजायला लागली. पाववाल्याच्या दुकानातली पोरगीसुद्धा 'पाण्याकडे, पाण्याकडे' करत पाव बांधायची. क्रिंग्ज हेडविगला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मुलगा नशीब काढणार तुमचा. गाता येत नसून!"

स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ते पहिल्यांदा लागलं तेव्हा एवाल्ड खिडकीपाशी होता. पाय घोंगडीत गुंडाळलेले. शेवटपर्यंत त्यानं ऐकलं. लुट्झ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"बरा जमलाय," एवाल्ड म्हणाला. "पण याला कधी खोकला येणार नाही."

"नाही, बाबा."

"नशीबवान आहे."

बापलेकांत त्या वर्षी झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं. जुना प्रश्न लुट्झनं पुन्हा काढला नाही, आणि एवाल्डनं आपणहून तोंड उघडलं नाही. नोव्हेंबरात, नदीवरून धुकं वर चढलेल्या एका सकाळी, हेडविग शेगडी पेटवून वर गेली तेव्हा खोली शांत होती. किती शांत, हे तिला दारातच कळलं.

गायनमंडळ थडग्यापाशी गायलं. लुट्झ आईचा दंड धरून उभा होता आणि त्याचे ओठ मिटलेले होते. लोकांनी ते बघितलं, कोणी कोपरानं ढोसलंही असेल. हेडविगला त्याचा राग आला नाही. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. तीस माणसांनी एकदम श्वास घेतला होता, आणि त्यात एक कमी होता, आणि तो तिला वेगळा ऐकू आला असता.

रायमुंड म्युनिकला गेला. तिथल्या कंपनीनं त्याला मोठा स्टुडिओ देऊ केला होता. त्यानं लुट्झलाही किती विनवलं. "इथं काय आहे?" तो म्हणाला. "ओल आणि गंज." लुट्झ म्हणाला, आई एकटी आहे. यावर रायमुंडनं आपली टायची गाठ सोडली, ती पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "सोडून चाललोय म्हणून मी दुष्ट नाहीये रे." निम्मी यंत्रं तो मागं ठेवून गेला. पुढे त्याची गाणी खूप चालली. दर नाताळला हेडविगला त्याचं कार्ड यायचं.

त्या हिवाळ्यात हेडविगला झोप लागेना. चाळीसेक वर्षं तिनं एका माणसाच्या श्वासाशेजारी पाठ टेकली होती. शेवटी शेवटी तर तो श्वास मोजतच ती झोपायची. आता शांततेनं ती जागी व्हायची. तिनं ती तबकडी लावून बघितली. पहिल्या कडव्यापर्यंत ऐकली आणि सुई उचलली. तो नव्हता. तरुण, निरोगी कोणीतरी परका माणूस तिच्या स्वयंपाकघरात श्वास घेत होता. आणि मग एवाल्डचं ते वाक्य तिला आठवलं, उशांच्या वेळचं, आणि तेव्हा कुठं तिला समजलं की त्याला ते आवडलं होतं. पहिली ओळ लागण्याआधीचा जो क्षण, तो त्याला परत परत मिळाला होता. आयुष्यात त्याला जे काही सुख मिळालं त्यातलं मोठं सुख तिथं होतं. 'हिला विचारा' असं त्यानं म्हटलं होतं ते तिनं हो म्हणावं म्हणून.

एका सकाळी, बर्फ वितळून परसात राडा झालेला असताना, ती एप्रनवरच कारखान्यात गेली. लुट्झ सोल्डरिंग करत होता.

"ते खरंच पुसलंस का रे?" तिनं विचारलं. "कुठं एखादा तुकडा?"

लुट्झनं हातातलं काम सांभाळून बाजूला ठेवलं. "नाही, आई. तू समोर होतीस."

"हो. होते."

ती घोडीवर बसली. रडली नाही, नुसती मांडीवरचा एप्रन चापून चोपून सरळ करत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्या गाण्यातला तो, तो काढून दाखव. नुसता तो."

लुट्झनं खरखरीचा डबा चालू केला, गाळण्या जोडल्या. खोलीत श्वास सुरू झाला.

"घाई करतोय," ती म्हणाली.

त्यानं बटण उतरवलं.

"अजून हळू. आणि वर जाताना असा सरळ नाही जायचा. आधी थांबायचा. म्हणजे, श्वास घ्यायला भीती वाटायची त्याला. दुखेल म्हणून. आधी चाचपून बघायचा आणि मग घ्यायचा."

"भिंतीतून हे ऐकू नाही आलं मला," लुट्झ म्हणाला.

"तुला कसं येईल? आता शिट्टी. शेवटी. एवढी मोठी नको! चहाची किटली आहे का ती? बारीक. अं... अजून. दाराच्या फटीतून वारं येतं ना, तशी."

सकाळ तशीच गेली. तिनं शेगडीवर सूप ठेवलं होतं, ते करपलं. वास आला तरी कोणी उठलं नाही. ती डोळे मिटून सांगायची, तो बटणाला केसाएवढा धक्का द्यायचा. मध्येच एकदा ती चिडली, "तू ऐकतच नाहीस, बापासारखा आहेस अगदी." मध्येच लुट्झ म्हणाला, "इथं एक गचका असायचा का? जिना चढून आले की?" आणि ती म्हणाली, "असायचा. तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "मी वरच्या पायरीवर थांबायचो. त्यांना कळू न देता. ते पोचेपर्यंत."

दुपारी केव्हातरी तिनं हात वर केला. लुट्झनं बटणावरून बोटं काढली. श्वास आत आला, चाचपून, मग भरून, शेवटी ती बारीक शिट्टी, थांबला, आणि बाहेर पडला. हेडविगनं तो बराच वेळ चालू दिला.

"टेप लावू?" लुट्झनं हळूच विचारलं.

"लाव," ती म्हणाली. "आणि तुला काय करायचं ते कर त्याचं. मी मध्ये येणार नाही."

त्यातून लुट्झची एकट्याची पहिली तबकडी झाली. एका बाजूला एकच लांब गाणं होतं, संथ, शब्दांशिवाय. ठोका असा नव्हताच, श्वास हाच ठोका. त्यावर नाचता येत नव्हतं, त्यामुळे ती खपली नाही. हँबर्गच्या कंपनीनं पुन्हा विचारलं नाही. लुट्झ दिवसा रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायला लागला आणि संध्याकाळी कारखान्यात बसायला लागला. तबकडीच्या पाठीमागं त्यानं दोन नावं छापली होती, आपलं आणि त्याखाली 'हेडविग हार्टकॉप'. क्रिंग्जच्या बायकोनं पाववाल्याच्या रांगेत विचारलंच, "या वयात कोणतं वाद्य शिकलात हो?"

"बटाटे सोलते, तेच," हेडविग म्हणाली.

मग काही वर्षांनी परदेशातून पोरं यायला लागली. इंग्लंडातून, बेल्जियमहून, एकदा तर जपानहून एक मुलगी. सगळ्यांच्या घरी असलेच डबे आणि वायरी होत्या, आणि कोणाकडून तरी, कुठल्या तरी जुन्या दुकानात, ती न खपलेली तबकडी त्यांच्या हाती लागली होती. हातात छोटा टेपरेकॉर्डर धरून ती लुट्झला विचारायची, हे कसं केलंत? कोणत्या यंत्रावर? लुट्झ यंत्रं दाखवायचा. गाळण्या कशा जोडल्या ते सगळं, काही न लपवता सांगायचा. पण ती घरी जाऊन तसंच जोडायची आणि कळवायची, नाही हो येत तसा.

"मग आईला विचारा," तो म्हणायचा.

हेडविग त्यांना स्वयंपाकघरात बसवायची, वाफल वाढायची. ती जपानी मुलगी फार अदबीनं, शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "बाई, तो श्वास कोणाचा आहे?"

हेडविगनं जरा विचार केला.

"कोणाचा नाही गं," ती म्हणाली. "रेडिओची खरखर आहे ती. आम्ही दोघांनी बसून गाळली." आणि मुलीच्या कपात कॉफी ओतायला ती उठली.